थांब्यावर बसवलेला मुलगा

बसचालकाला आधी वाटलं, पोरगा झोपलाय. सकाळच्या फेरीला तो थांब्याच्या बाकावर बसलेला होता. मधल्या फेरीलाही तसाच, डोकं काचेला टेकलेलं. शेजारी माणसं येऊन बसत होती, उठून जात होती. दुपारी मात्र चालकाने बस उभी केली, खाली उतरून त्याच्या खांद्याला हात लावला आणि पोरगा बाकावरून घसरून खाली आला.

फौजदारबाई रुग्णालयात पोचल्या तेव्हा डॉक्टरीणबाई हात धूत होत्या.

"जिवंत आहे?"

"आहे. बेशुद्ध आहे. उजवा हात कोपरापासून काढावा लागला."

"कशानं?"

"भाजलाय. पण आगीत नाही. बोटांपासून कोपरापर्यंत चपटा, एकसारखा. चादरीवरून इस्त्री फिरवावी तसा. आणि त्यावर कोटाची बाही चढवलेली, पंजा खिशात, गुंड्या गळ्यापर्यंत."

"स्वतः घातला असेल?"

"त्या हातानं? छे! दुसऱ्या कोणीतरी घातलाय. ओढून, कोंबून. कातडं बाहीलाच चिकटून आलं."

बाईंनी इतकी वर्षं पोलिसात काढली होती, पण गुंड्या नीट लावणारे ते हात डोळ्यांसमोरून हलेनात.

कपडे ट्रेमध्ये ठेवले होते. पॅन्टचे पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत चुरगळलेले, उंच बुटांत कोंबून ठेवले असावेत तसे. पण पायांत निघाले होते साधे कापडी बूट. कोटाच्या पाठीवर फिकट पिवळा डाग होता. मलम असेल, असं बाईंना वाटलं.

त्याची मोठी बहीण धावत आली. दोघं बहीणभाऊ परदेशातून इथं शिकायला आलेले, एकाच कॉलेजात. तिच्यामागून एक गोरटेले, मृदू बोलणारे गृहस्थ आले. परदेशी विद्यार्थ्यांचे सल्लागार. व्हिसापासून खोलीपर्यंत सगळं तेच बघायचे, म्हणून पोरं त्यांना मामा म्हणायची.

"तुझा भाऊ काम कुठं करत होता?" बाईंनी विचारलं.

ताईनं मामांकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

मामांनी बाईंना बाजूला घेतलं. "खरं सांगू? ही पोरं तासांची मर्यादा मोडून कुठंकुठं राबतात. तुम्ही खणत बसलात तर याचाही व्हिसा जाईल आणि बहिणीचाही. हात तर गेलाच आहे, निदान तिचं शिक्षण तरी राहू द्या."

"तुम्ही त्याला शेवटचं कधी पाहिलंत?"

"परीक्षा संपल्यापासून नाही. गेले कित्येक दिवस तो कॉलेजकडे फिरकलाच नाही."

मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाई मान हलवून पोराच्या खाटेपाशी गेल्या. अंगावरची चादर कडक, गुळगुळीत, कुठं सुरकुती नाही.

"ही चादर कुठं धुतात?"

डॉक्टरीणबाईंनी गावाबाहेरच्या धुलाई कारखान्याचं नाव सांगितलं. मग त्या एकदम थांबल्या. दोघींनी चादरीकडे पाहिलं.

कारखान्यात शिरताच वाफेनं आणि ब्लीचच्या वासानं डोळे चुरचुरले. मधोमध इस्त्रीचे भलेमोठे तापलेले रूळ फिरत होते. एका बाजूनं ओली चादर आत, दुसरीकडून कोरडी बाहेर. हात आत जाऊ नये म्हणून समोर जो आडवा दांडा असतो, तो तारेनं वर बांधून टाकला होता. एका रुळाखालची फरशी नुकतीच घासलेली. चादरी सरकवणारी सगळी विद्यार्थी पोरं होती. एकानंही मान वर केली नाही.

मुकादमानं कानांवर हात ठेवले. "तो इथला नाही, बाई."

भिंतीशी खुंट्या होत्या. प्रत्येक खुंटीवर कोणाचा तरी कोट, खाली त्याचे बाहेरचे बूट, कारण कामावर सगळे गमबुटांत. एका खुंटीवर कोट नव्हता. खाली फक्त गमबूट उभे होते.

"हे कोणाचे?"

"जादाचे."

बाईंनी हात घातला. आतून ओलसर होते.

"हा दांडा वर का बांधलाय?"

"काम लवकर उरकतं."

"आणि एवढी परदेशी पोरं?"

"नियमाबाहेर काही नाही हं! सत्र चालू असताना आठवड्याला ठरावीक तास, त्यावर एक मिनिट नाही. मामा स्वतः येऊन पोरांना सगळं समजावतात."

बाहेर पडताना एक मुलगी जवळून गेली. तोंडावर मास्क, नजर रुळाकडे. "काही विचारू नका, आम्हाला परत पाठवतील," ती पुटपुटली.

तिथून बाई कॉलेजात गेल्या. फाटकाला कुलूप. पहारेकऱ्यानं उघडलं. व्हरांड्यात बाकं एकावर एक रचलेली, वर्ग रिकामे, आणि एक रंगारी दाराच्या चौकटींना पिवळा रंग देत होता.

"कधी सुरू केलंत?"

"आज उजाडताच. मामांच्या खोलीपासून." त्यानं ब्रशनं दाखवलं. "आणि बघा, कोणीतरी लगेच अंग घासून गेलं. पुन्हा हात मारावा लागला."

बाईंनी तिथूनच परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला फोन लावला. एकच प्रश्न विचारला. पलीकडच्या कारकुनानं उत्तर दिलं. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर तेच होतं. त्यांनी फोन ठेवला आणि त्या व्हरांड्याच्या कठड्याबाहेर थुंकल्या.

संध्याकाळी रुग्णालयाच्या एका खोलीत तिघांना बसवलं: मामा, मुकादम आणि ताई. दारात हवालदार.

"पोरगा कारखान्यातच भाजला," बाई म्हणाल्या. "गमबूट तिथं राहिले. पॅन्टवर त्यांच्या चुण्या आहेत. दांडा बांधलेला होता, चादरीबरोबर हात ओढला गेला. तुम्ही काय केलंत, मुकादम? अँब्युलन्स बोलावलीत?"

मुकादम घाम पुसू लागला.

"नाही. मामांना बोलावलंत. मामा तेव्हा कॉलेजातल्या आपल्या खोलीत होते. घाईत ओल्या चौकटीला घासून निघाले. तो रंग त्यांच्या बाहीला लागला आणि बाहीचा मुलाच्या पाठीला, त्याला काखेत धरून उचलताना. रंग आज सकाळी लागला. मुलगा कॉलेजात गेला नव्हता, हे मामांनीच सांगितलं. मग डाग चालत गेला का?"

"रंग काय, कुठलाही असेल," मामा म्हणाले.

"तुमच्या गाडीच्या मागच्या सीटवरही आहे. आणि तुमचा कोट डिकीत सापडला, गुंडाळलेला, बाहीला तोच रंग."

"मी फक्त फोन केला हो!" मुकादम ओरडला. "दवाखान्यात नेऊ म्हटलं, तर हेच नको म्हणाले! कोट, बूट यांनीच चढवले!"

"पण मला आधी खटकलं ते दुसरंच," बाई मामांकडे वळल्या. "तुम्ही म्हणालात, मर्यादा मोडली. मर्यादा सत्र चालू असताना. परीक्षा झाल्या, कॉलेजला कुलूप. कार्यालयात विचारलं: सुट्टीत या पोरांना मर्यादा आहे का? नाही. पूर्ण वेळ काम करता येतं, राजरोस. हे ठाऊक नसलेला माणूस या गावात कोणीही असू शकेल, मामा. तुम्ही नाही. ते सांगायचाच तुम्हाला पगार मिळतो."

बाई मामांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"पोरांना खोटं सांगितलंत की सुट्टीतलं काम गुन्हा आहे. म्हणजे ती अर्ध्या मजुरीत दुप्पट राबणार, दांडा बांधला तरी बोलणार नाहीत, हात गेला तरी बोलणार नाहीत. कारखान्याच्या मालकाकडून तुमचा वाटा चालू. लोक एखाद्याला मामा बनवतात म्हणतात. इथं मामानंच सगळ्यांना बनवलं."

मामांचा आवाज अजूनही मऊच होता. "कामं कोण देत होतं त्यांना? मी दिली. आणि थांब्यावर कशाला बसवला असता? कोणीतरी बघेल म्हणूनच ना!"

बाईंना वाटलं, या आवाजाची पुटं आपल्या कानात बसली आहेत, घासली तरी निघायची नाहीत. "घेऊन जा यांना," त्या हवालदाराला म्हणाल्या. "दोघांनाही. आणि मालकाला उचला."

ताई भिंतीला धरून उभी होती. "म्हणजे... त्याला परवानगी होती?"

"होती."

"मला पण?"

"सगळ्यांना."

ती रडली नाही. भिंत सोडली आणि भावाच्या खाटेकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी रूळ थंड पडले. बाईंनी पोरांना उभं करून नियम मोठ्यानं सांगितला, दोनदा. आधी ती मास्कवाली मुलगी पुढे आली, मग बाकीची. जबाब घेता घेता हवालदाराचा पेन संपला.

पोराला त्यानंतर शुद्ध आली. बाई आणि ताई खाटेशी होत्या. त्यानं खाकी वर्दी पाहिली, बँडेजमध्ये संपलेला हात पाहिला, आणि कोणी काही विचारायच्या आत कोरड्या ओठांनी घाईघाईनं म्हणाला,

"साहेब, मी कुठंच काम करत नाही."