आठ फुटी फळी आणि अकरा घड्याळं

त्याच्याआधी त्याची फळी माझ्या घरात आली.

सकाळचे दहा वाजले होते. मी खिडकीपाशी कामाला बसले होते. डोळ्याला भिंग, समोर उघडलेलं मनगटी घड्याळ आणि बशीत त्याचे एकोणीस स्क्रू. तेवढ्यात समोरच्या घराच्या खिडकीतून एक फळी निघाली, मधला हातभर रुंदीचा बोळ ओलांडून थेट माझ्या खिडकीत शिरली आणि तिने बशी खाली पाडली.

"अहो! कोणाची फळी ही?" मी किंचाळले.

पलीकडची घरघर थांबली. गॉगल लावलेलं, भुशाने माखलेलं एक तोंड खिडकीत आलं. "माझी... सॉरी. जरा तिकडून ओढता का? अडकलीय."

ओढता का! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फळी धरली आणि सगळा जोर लावून परत ढकलली. पलीकडे काहीतरी धाडकन पडलं, तेव्हा जरा बरं वाटलं.

पाच मिनिटांत तो आमच्या दारात हजर. आईने लगेच आत घेतलं. आई कोणालाही आत घेते. नवीनच राहायला आलेला, शाळेत भूगोल शिकवणारा मास्तर, आणि सुतारकामाचा नाद. जुन्या बाजारातून गोल करवतीचं मशीन आणून त्याने घरातच बसवलं होतं.

"कापलेली फळी पुढे सरकायला जागा लागते," गुडघ्यांवर रांगत स्क्रू शोधताना तो मला समजावत होता. "फळी आठ फुटी, खोलीत पुढे जागा पाचच फूट. म्हणून खिडकी उघडली. पण टोक नेमकं कुठे जाईल... ते मोजायचं राहिलं."

"आणि शाळेत नकाशे तुम्हीच शिकवता?"

"हो."

"कठीण आहे पोरांचं."

अठरा स्क्रू सापडले. एकोणिसावा त्याच्या गुडघ्याला चिकटून दारापर्यंत निघाला होता. तो मी चिमट्याने काढून घेतला. तो हसला. मला अजिबात हसू आलं नाही... म्हणजे, मी येऊ दिलं नाही.

त्यानंतर पाच महिने हेच चाललं. सुट्टीच्या दिवशी पलीकडून आरोळी यायची, "फळी येतेय!" आणि मी आरडाओरडा करत टेबल आवरायचे.

"आज काय मोडताय?"

"मोडत नाही, बनवतोय. स्टूल."

"परवाचं डुगडुगतंय म्हणून दुसरं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"बसलात की तुमचं डोकं खिडकीत एकदा दिसतं, एकदा नाही."

तो मोठ्याने हसायचा. मी फणकाऱ्याने मान वळवायचे आणि थोड्या वेळाने परत तिकडेच बघायचे. स्वतःचाच इतका राग यायचा!

"ते मशीन फिरवून घ्या ना," मी शंभरदा सांगितलं.

"बोल्ट जमिनीत गाडलेत हो. लेव्हल धरायलाच पंधरा दिवस गेले होते."

आणि मग घड्याळ परत आलं.

गावातल्या सगळ्यात मोठ्या दुकानाने मला बारा घड्याळं दुरुस्तीला दिली होती. ती नीट झाली तर कायमचं काम मिळणार होतं. त्यासाठी दोन वर्षं मी त्या दुकानाचे उंबरे झिजवले होते. पहिलं घड्याळ दिलं आणि आठवड्यात बंद पडलं. मालकीणबाईंनी फोन केला. "आत कचरा निघाला. बाकीची अकरा पुढच्या शनिवारी आणा. आमचा कारागीर प्रत्येक घड्याळ उघडून बघेल. अजून एकात जरी काही सापडलं, तर विषय संपला."

मी घड्याळ उघडलं. चाकाच्या दातांत भुशाचा एक कण बसला होता.

चप्पलसुद्धा न घालता मी समोर गेले. भिंतीवर पटाशा, रंधे, करवती ओळीने टांगलेल्या, प्रत्येकीभोवती पेन्सिलीने तिचा आकार काढलेला. मधोमध ते मशीन. त्याने मला पाहिलं आणि बटण बंद केलं. मी घड्याळ मशीनवर ठेवलं, भिंग त्याच्या हातात कोंबलं. "बघा."

तो वाकून बघत राहिला. मग पुटपुटला, "सागाचा आहे."

"सागाचा?" माझा आवाज फाटला. "माझं काम जायची वेळ आलीय आणि तुम्ही लाकडाची जात सांगताय? तुमचं काय, आज स्टूल, उद्या फळकुट! तुमचा छंद आहे. माझं पोट आहे हो यावर!"

त्याचा चेहरा उतरला. काहीतरी बोलायला गेला, पण मी ऐकून घेतलं नाही. मला रडू येत होतं आणि त्याच्यासमोर येत होतं, म्हणून संताप दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून समोर छिन्नी-हातोड्याचे घाव. आईने जाऊन पाहिलं. त्याने जमीन फोडून बोल्ट काढले होते आणि मशीन दाराच्या दिशेला फिरवलं होतं. आता फळी व्हरांड्यात जाणार होती. त्याची खिडकी बंद झाली, ती बंदच राहिली.

मला हवं तेच झालं होतं. तरी चार दिवस मी त्या बंद खिडकीकडे बघून दात-ओठ खात होते. त्यात माझ्या खोलीतली जुनी धूळ काही केल्या हटेना. पुसावी तर पुन्हा हजर. घड्याळं उघडायची हिंमतच होत नव्हती.

रविवारी तो दारात उभा. हातात काचेच्या झाकणाची पेटी. दोन बाजूंना हात घालायला गोल भोकं, त्यांना कापडी बाह्या. आत बशीसाठी खाच, चिमट्यांसाठी खण, कोपर टेकायला गादी.

"यात काम केलंत तर धूळ लागणार नाही," तो खाली बघत म्हणाला.

मी हात आत घातले आणि भडकले. "सगळं उजवीकडे केलंय! मी डावखुरी आहे!"

"नाही हो, तुम्ही तर उजव्या..." त्याने स्वतःचा हात उचलला आणि वळवून पाहिला.

"तुम्ही मला समोरून बघता," मी म्हणाले. "माझा डावा तुमच्या उजवीकडे येतो. भूगोलाचे मास्तर आणि एवढं कळू नये?"

"चुकलं."

"आणि कोपराची उंची बरोब्बर कशी जमली? कधीपासून बघताय?"

तो कानापर्यंत लाल झाला. "पहिल्या फळीपासून."

"मग खिडकी का बंद केलीत?"

"धूळ..."

"धूळ मशीन चालू असताना उडते! मशीन थांबल्यावर खिडकी उघडायला हात मोडले होते का? चार दिवस मी इथे वेड्यासारखी..." मी जीभ चावली. पण जे निघायचं ते निघून गेलं होतं. आतल्या खोलीत आईच्या हातून काहीतरी पडलं.

तो फार हळू म्हणाला, "टेप आणू? नीट माप घेतो. या बाजूला बसून."

त्याने माप घेतलं. माझ्या डाव्या मनगटापाशी टेपचं टोक धरून तो इतका वेळ बसला, की तेवढ्यात मी एक घड्याळ जोडलं असतं. मी ओरडले नाही. दुसऱ्या दिवशी पेटी सरळ होऊन आली.

शनिवारी दुकानातल्या कारागिराने अकराच्या अकरा घड्याळं उघडली, भिंगातून पाहिली आणि मालकीणबाईंकडे बघून मान डोलावली. कायमचं काम मला मिळालं.

बाहेर पडले तर तो समोरच्या फुटपाथवर. शाळा बुडवून आला होता.

"काय झालं?"

"मिळालं काम."

त्याने डोळे मिटून श्वास सोडला. "म्हणजे आता राग गेला?"

"गेला? अजिबात नाही. एकोणीस स्क्रूंचा आहे, सागाचा आहे, त्या बंद खिडकीचा तर सगळ्यात जास्त आहे." माझा आवाज रस्त्यावर सगळ्यांना ऐकू जात होता, जाऊ दे. "आयुष्यभर पुरेल एवढा आहे. झेपेल का तुला?"

लोक वळून बघत होते. त्याने माझ्या हातातली रिकामी पिशवी काढून घेतली, स्वतःच्या खांद्याला अडकवली.

"झेपेल," तो म्हणाला. "ओरड तू."