डॉक्टर बाउमर यांचं दुसरं नाटक

अमेरिकेतल्या बॉथेलमध्ये शेजारी म्हणजे कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना हात हलवायचा माणूस. त्यापलीकडे कुणी कुणाच्या अध्यातमध्यात नसतं, आणि उल्हासला तेच बरं वाटायचं. रेडमंडच्या ऑफिसातून घरी आला की तो गाडी बंद करून तसाच आत बसून राहायचा. घरात बायको, राधिका, जेवायची थांबलेली असे, पण पाय निघत नसे. बाहेर पाऊस, तो तर तिथे पाचवीलाच पुजलेला.

२००६च्या फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी शेजारच्या म्हाताऱ्याने गाडीच्या काचेवर टकटक केली.

"मी डॉक्टर आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "कुठे दुखतंय?"

उल्हासला आधी हसू आलं, मग रडू.

हे डॉक्टर स्लावको बाउमर, क्रोएशियातल्या ओसियेकचे ज्यू, वय नव्वदीपार. एकेचाळीस साली तिथल्या सरकारने ज्यूंना छावण्यांत कोंबायला सुरुवात केली. काही ज्यू डॉक्टरांना मात्र बोस्नियाच्या खेड्यांत रोग्यांवर उपचार करायला धाडलं. त्यांत बाउमर होते, म्हणून वाचले. त्यांच्या आईला घरातून नेलं, तेव्हा ते कुठल्याशा डोंगरात कुणाच्या तरी जखमा धूत होते. युद्धानंतर त्यांनी आईवर नाटक लिहिलं. ते झाग्रेबमध्ये गाजलं. पुढे अमेरिकेत येऊन त्यांनी निव्वळ डॉक्टरकी केली, एक ओळ लिहिली नाही.

उल्हासची आई वर्षापूर्वी पुण्यात वारली होती. शेवटपर्यंत त्याचंच नाव घेत होती, असं बहीण लता फोनवर म्हणाली. त्याच्या व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलं होतं. गेलो आणि परत येता आलं नाही तर, म्हणून तो गेलाच नाही. कारण खरं होतं, पण खऱ्या कारणाने झोप थोडीच लागते!

"मला तिच्याबद्दल सांग," हे सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले. "मी लिहीन. दुखणं जाईल. सोबत आणखी काय जाईल, त्याची हमी मी देत नाही."

"जाऊ दे सगळं," उल्हास म्हणाला.

शनिवारी दुपारी तो त्यांच्याकडे जाऊ लागला. खोलीला कापराचा आणि ओल्या लोकरीचा वास यायचा. डॉक्टर रोगी तपासावा तसं खोदून खोदून विचारत. आई पदर कसा खोचायची? रागावली की आधी काय करायची? उल्हास सांगत राही. पहिल्याच रात्री तो मेल्यासारखा झोपला. राधिकाने देवापुढे साखर ठेवली.

एप्रिलमध्ये ती आमटीला फोडणी देताना म्हणाली, "आई यात चिंच नाही, आमसूलच घालायच्या, ना रे?"

"असेल," तो म्हणाला. जणू कुणा लांबच्या मावशीबद्दल विचारलं होतं.

मग एकदा आन्सरिंग मशीनवर त्याला एक जुना मेसेज सापडला. "अरे, आहेस का घरात?" एवढं विचारून एक म्हातारी बाई बराच वेळ नुसती श्वास घेत थांबली होती. राँग नंबर असणार. त्याने पुसून टाकला.

राधिकाला कळलं तेव्हा ती हातातलं काम टाकून मशीनपाशी धावली. "उल्हास, तो आईंचा मेसेज होता! तूच सेव्ह केला होतास. मला मशीनला हात लावू देत नव्हतास!"

"आवाज ओळखीचा वाटला नाही गं."

त्याला वाईट वाटायला हवं होतं. ते वाटेना, आणि तेव्हा मात्र तो घाबरला.

तो तडक डॉक्टरांकडे गेला. "माझी आई मला परत द्या."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या फोटोंकडे बोट केलं. टोप्या घातलेल्या चार-पाच बायका. "यांतली माझी आई कोणती? नाक जुळवून बघ. मला तर जमलं नाही. माझ्या नाटकाला अख्खं थिएटर रडत होतं, आणि मी जांभया देत होतो."

"मग मला अडवलं का नाहीत?"

"तुला झोप हवी होती," डॉक्टर म्हणाले. "आणि मला लिहायला एक आई हवी होती."

ऑक्टोबरात, रविवारी दुपारी, कम्युनिटी सेंटरमध्ये नाटकाचं वाचन झालं. निदान तिथे तरी आई दिसेल, या एकाच आशेवर उल्हास राधिकाला घेऊन गेला.

आईचं काम शर्ली नावाची एक निवृत्त शिक्षिका वाचत होती. तिला मराठीचा गंधही नव्हता. वाचता वाचता तिने गळ्यातल्या स्कार्फचं टोक सहज कमरेला खोचलं.

राधिकाची नखं उल्हासच्या मनगटात रुतली. "आईच," ती पुटपुटली.

लोक डोळे पुसत होते. उल्हासला दिसत होती ती कार्डिगन घातलेली एक परकी बाई. तो टक लावून बघत राहिला, अगदी डोळे चुरचुरेपर्यंत.

वाचन संपलं. लोक कॉफीकडे वळले.

शर्ली खुर्चीतून उठली नाही.

राधिकाने जाऊन तिला वाकून नमस्कार केला. उल्हास तिच्या शेजारीच उभा राहिला.

शर्लीने राधिकाच्या गालावरून हात फिरवला. मग मान उचलून इकडेतिकडे पाहिलं.

"उल्हास नाही आला गं?" तिने स्वच्छ मराठीत विचारलं.

"आई, मी इथेच—"

राधिका वळली. तिची नजर त्याच्यावरून गर्दीकडे गेली आणि कुठेही न अडखळता परत आली.

"येईलच इतक्यात, आई," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी जागा धरायला तिने शेजारच्या खुर्चीवर आपली पर्स ठेवली.