परड्यातली पिकअप

दुपारी भाकऱ्या झाल्या की परड्याच्या दारात उभं राहून यांना जेवायला बोलवायचं, हे काम लग्न होऊन आल्यापासून माझ्याकडे आलं. काम सोपं आहे. "अहो, जेवायला या." नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, तेवढा एक शब्दही वाचतो. त्या दुपारी मी एवढंच केलं. यापेक्षा जास्त काही केल्याचं मला आठवत नाही.

आधी गाडीचं सांगते.

आमचं लग्न मार्गशीर्षात झालं आणि आठच दिवसांनी ती आली. हे लढाईत चार वर्षं ब्रह्मदेशात मिलिटरीचे ड्रायव्हर होते. सुटून आल्यावर पुण्याला लष्कराच्या मोडीचा लिलाव झाला, त्यातून त्यांनी एक पिकअप घेतली. ती चालत नव्हती. साताऱ्याच्या सडकेपासून आमच्या वाडीपर्यंत तिला दोन बैलजोड्यांनी ओढून आणलं. माझ्या वरातीला एकच जोडी होती. सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, भाकरतुकडा मात्र दोघींवरून सारखाच ओवाळला.

"समद्या चालत्या गाड्या सोडून ही पांगळी कशापायी आणलीस रं?" त्यांनी विचारलं.

"आपलीच हाय," हे म्हणाले.

मला वाटलं, पैसे मोजले म्हणून आपली.

परड्यात तिला चार दगडांवर चढवली. इंजिनाचे तुकडे रॉकेलनं धुऊन गोणपाटावर ओळीनं मांडले जाऊ लागले. मी सांगलीची, सातवी शिकलेली, शिवणकाम येणारी. म्हणून गाडीची गादी माझ्या वाट्याला आली. काथ्या पिंजून भरायचा आणि वरून ताडपत्री शिवायची. दिवसाढवळ्या नवऱ्याशी बोलायची सोय घरात नव्हती, ती गाडीपाशी झाली. हे गाडीखालून बोलायचे, मी गादीशी बोलायची. असं करता करता मला ते आवडायला लागले होते. हे कुणाला सांगितलेलं नाही.

तोंडाकडे नीट बघायला मात्र मी अजून शिकले नव्हते. आत्याबाईंच्या देखत तर पदर कपाळाखाली. मी यांना ओळखायची ती हातांवरून. एकदा इंजिन सुरू करताना हँडल उलटं फिरलं आणि उजव्या अंगठ्यावर बसलं. नख काळंनिळं झालं. मी हळद भरून चिंधी बांधली. दोन गाठी मारल्या.

मग एके दिवशी गाडीच्या दाराचा रंग खरवडताना आतल्या बाजूला खिळ्यानं कोरलेली अक्षरं निघाली. 'गुंडा, कुपवाड.'

"हे कोण?" मी विचारलं.

"माजा जोडीदार. हीच गाडी आमी दोघं चालवायचो तिकडं. लिलावात दार उघडलं नि वळखली." त्यांनी पुन्हा खरवडायला घेतलं. "त्यो खाली निजून काम करत व्हता. मी भात शिजवला नि हाक मारली, गड्या, जेवायला ये. 'आलो' म्हनला... नि जॅक सरकला."

मी सुई थांबवली.

"ताट वाढल्यालं तसंच ऱ्हायलं," हे म्हणाले. "लय भुक्याला व्हता त्या दिशी."

ती दुपार संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यातली. ऊन पांढरं, वारा पडलेला. गाडीखालून बुटांतले दोन पाय बाहेर आले होते, रोज यायचे तसेच. पान्याचा आवाज थांबला होता.

"अहो, जेवायला या."

"आलो."

मी वळले. चुलीपाशी येते तर हे पाटावर बसलेले. मला ओलांडून कुणी गेलं नव्हतं. पुढच्या दारानं वळसा घालून आले असतील, असं मी मनाशी म्हटलं आणि वाढायला घेतलं. घरात ओल्या मातीचा वास येत होता. पावसानं कुजलेल्या रानाचा. पौषात.

हे तिसऱ्या भाकरीला हात आडवा धरायचे. त्या दिवशी पाचवी झाली, सहावी झाली.

"दमलंय पोर. वाढ गं," कोपऱ्यातून आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

"लय दिसानं..." पाटावरून आवाज आला. बसलेला, खरखरीत.

कालवण वाढताना मी हात पाहिला. उजव्या अंगठ्याला चिंधी नव्हती. नख स्वच्छ होतं. गुलाबी.

मी पातेलं खाली ठेवलं आणि परड्याच्या दाराशी गेले. गाडीखाली ते दोन पाय तसेच होते.

"अहो..."

"व्हय?" मागून, पाटावरून.

तेव्हा कळलं मी काय केलं होतं ते. माझ्या हाकेला नाव नव्हतं. जो भुकेला होता तो आला.

मग मी नाव घेतलं. नवऱ्याचं, मोठ्यानं, सासूच्या देखत.

"नाथाजी!"

पाटावरच्यानं मान वर केली नाही. तो भाकरी मोडत राहिला.

गाडीखालून आवाज आला. "आलो..."

पाय हलले नाहीत. मी उंबरा ओलांडून गेले, खाली वाकले. गोणपाट होतं, पाना होता. हळदीची चिंधी होती, दोन्ही गाठी जशाच्या तशा. पाय नव्हते.

मी आत आले. हात धुतले. "अजून एक वाढू?" असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी गाडी पहिल्याच हँडलला सुरू झाली. आता ती गुळाच्या भेल्या घेऊन सांगलीला जाते. येताना कुपवाडला मुक्काम असतो. कुणाकडे, ते मी विचारलं नाही. जेवायला हाक मारायचं मी सोडून दिलं. माणूस आपसूक येऊन पाटावर बसतो.

संक्रांतीला गाडी सांगलीला गेलेली होती. माझी पहिली संक्रांत, म्हणून हळदीकुंकवाला आळीतल्या बायका जमल्या.

"नाव घे की गं! सातवी शिकलीयास, चांगलं लांबलचक घे," शेजारच्या मनुबाई मागंच लागल्या. मी तीनदा नको म्हटलं. आत्याबाईच म्हणाल्या, "घे बाई एकदा, सुटशील."

"काथ्याची शिवली गादी, दोरा घातला दुहेरी,
नाथाजींचं नाव घेते संक्रांतीच्या दुपारी."

"आगं बया, मोटारीचा उखाणा!" बायका हसत सुटल्या.

"आलो..."

परड्यातून.

"आगं, दादला घरातच हाय की तुजा!" मनुबाई म्हणाल्या. "आन् लाजून गाडी सांगलीला गेली म्हणतीस व्हय!"

पुन्हा हसू. मी दारातून परड्याकडे पाहिलं. चार दगड होते आणि मध्ये तेलानं काळी झालेली माती. आत्याबाईंना काही दिसत नाही, पण कान तिखट आहेत. त्यांच्या हातातली तिळगुळाची वाटी कलंडली आणि तीळ पायांशी सांडले. त्यांनी ते गोळा केले नाहीत.

बायका गेल्यावर त्या भिंतीला टेकून बसल्या.

"पोरी, पुन्यांदा नाव घेऊ नगंस. नुस्ती हाक मार, पयल्यागत."

"आत्याबाई, तो आवाज..."

"जेवतोय त्याला जेवू दे," त्या म्हणाल्या. "येकजण तरी घरात हाय."

रात्री गाडी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी भाकऱ्या झाल्या आणि त्यांनी सांगितलं तसं मी परड्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

"अहो, जेवायला या."

"आलो."

एक आवाज पुढच्या सोप्यातून आला. एक गाडीखालून.

मी ताट एकच वाढलं होतं.