दोनशे दहा अंश

ज्याला खोटं वाटेल त्यानं माझ्या दादाचे वरचे दोन दात बघावेत. नाहीत ते. कसे गेले, तेच सांगते.

अशा गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही भर दुपारी घडली. एक वाजता. भर समुद्रात.

दादा, माझा थोरला भाऊ, मालवाहू जहाजावर दुसरा अधिकारी होता. प्रवासाची वाट त्यानंच आखायची. नकाशावर पेन्सिलीची रेघ ओढायची आणि तिच्यावरून दोनशे मीटर लोखंड न्यायचं. सुट्टीवर आला की मला शिकवायचा, "बारके, लांब जहाज दिसलं की त्याची दिशा मोज. दिशा बदलत असेल तर ते आपल्या वाटेनं जाईल. दिशा तीच राहिली आणि अंतर कमी होत गेलं... तर ते आपल्यासाठीच येतंय."

त्या फेरीत त्यानं मासेमारीचा पट्टा टाळून लांबची रेघ ओढली होती. कप्तानानं खोडरबर पुढे सरकवलं.

"सहा तास जास्त? हवा खायला निघालोय का आपण? सरळ जा."

"मध्ये कोळ्यांचे मचवे असतात, साहेब."

"चिलटं ती. भोंगा वाजवला की उडतात."

दादानं रेघ खोडली.

पट्ट्यात शिरल्यावर टकरीचा अलार्म मिनिटामिनिटाला ओरडू लागला. दर मचव्यामागे एकदा. डोकं उठलं. दादानं हात लांब करून तो बंद केला.

एवढंच केलं त्यानं. एक बटण.

मग धुकं आलं. असं, की आपलाच हात परका वाटावा.

रडारवर नाकासमोर एक ठिपका होता. दोनशे दहा अंशांवर. दादाची नजर पडली तेव्हा उशीर झाला होता.

जहाजाला हादरासुद्धा बसला नाही. फक्त खाली लाकूड फाटलं. मग किंकाळ्या.

दादा बाहेर धावला. एका निळ्या मचव्याचे दोन तुकडे लोखंडाला घासत मागे चालले होते. पाण्यातून एक हात वर आला. जहाजाच्या पंख्याकडे ओढला गेला. मागचा फेस लाल झाला.

उलट्या पडलेल्या अर्ध्या मचव्याखाली मात्र कुणीतरी जिवंत होतं. आतून फळी ठोकत होतं.

ठक... ठक... ठक...

इंजिन थांबवायला दादा आत झेपावला. कप्तानानं गळ्यातली दुर्बीण काढून त्याच्या तोंडावर हाणली. दात तिथंच पडले.

"कुणी पाहिलंय? थांबायचं नाही!"

जहाज थांबलं नाही. ठोकणं बराच वेळ ऐकू येत होतं.

नंतर... येत नव्हतं.

परतीच्या फेरीत दादानं कुणाला न विचारता लांबची रेघ ओढली. अलार्म स्वतः चालू केला. कप्तानानं खोडरबर काढलं नाही.

दुपारी एकला धुकं आलं.

रडारवर ठिपका उगवला. या वेळी मागून. दोनशे दहा अंश.

सुकाणूवरच्या खलाशानं जहाज डावीकडे वळवलं. दोनशे दहा. उजवीकडे वळवलं. दोनशे दहा. अंतर तीन मैल... दोन... एक.

मचव्याच्या इंजिनाचा आवाज येतो. आला नाही.

अलार्म ओरडायला हवा होता. गप्प होता.

कप्तान बाहेर कठड्याशी जाऊन वाकला. "काही नाही रे! रिकामा समुद्र आहे, घाबरट लेको..."

ठक.

कठडा आत वाकला होता. त्याच्यात आणि भिंतीत कप्तान चिरडला होता. छातीची भाकरी झालेली. दादानं आणि त्या खलाशानं त्याला ओढून काढला, तेव्हा बरगड्यांत लाकडाच्या चिपा रुतलेल्या दिसल्या.

निळ्या.

त्या जहाजावर निळं लाकूड कुठंच नव्हतं.

कागदावर लिहिलं, कप्तान तोल जाऊन आपटला.

दादा नोकरी सोडून माझ्याकडे आला. इथून समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर. तरी टेबलावर होकायंत्र, शेजारी वही. रोज दुपारी एकला तो खिडकीत कान देऊन उभा राहायचा आणि आकडा लिहायचा. ठोकण्याचा आवाज त्याला आधी टेकडीपलीकडून यायचा. मग बाजारातून. मग गिरणीच्या मागून. आम्ही घर बदललं.

दिशा बदलली नाही.

"कानात पाणी राहिलंय तुझ्या," मी चेष्टा करायचे.

परवा मलाही ऐकू आलं.

काल ते गल्लीच्या तोंडाशी होतं. दादा अंथरुणात गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. "बारके, तू बघ गं. माझ्यानं नाही बघवत."

मी होकायंत्र हातात धरलं. आवाजाकडे तोंड केलं. ठक... ठक... ठक... पाहिलं.

"बदलली रे दादा. दोनशे चाळीस. जातंय ते."

"खरं?"

"तुझी शप्पथ."

तो हसला. दोन दातांची खिडकी उघडली. सात महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपला. अजून झोपलाय, लहान मुलासारखा, तोंड उघडं टाकून.

एकाला पाच मिनिटं आहेत. बाहेर लख्ख ऊन होतं. आता धुक्यात समोरचं घर दिसत नाही.

खरा आकडा दोनशे दहाच होता. त्या दिवशी अलार्म त्यानं बंद केला होता.

काल... मी केला.