चॉकलेटी रंगाचं रक्त

"ती हिरड्यांची जेल नका लावू बाळाला."

चारकोपच्या औषधाच्या दुकानात मागून कुणीतरी बोललं, तशी श्रुतिका वळली. मागे एक तरुण. खांद्याला लॅबची बॅग, विस्कटलेले केस — आणि डोळे असे, की रागवायलाही अंमळ उशीर व्हावा.

"तुम्ही डॉक्टर?"

"नाही. रक्त तपासतो."

"मग रक्त तपासा की! दाढ येतेय त्याला, दोन दिवस नुसता रडतोय, आणि घरी मी एकटीच."

"हिरड्या बधिर करणारं औषध काही मुलांच्या रक्ताला सोसत नाही, मॅडम."

"माझा मिहिर सगळं सोसतो," म्हणत तिने ट्यूब पर्समध्ये टाकली.

तिसऱ्या दुपारी मिहिरचे ओठ निळे पडले. रिक्षा, हॉस्पिटल, धावाधाव... आणि रक्त घ्यायला आला तो दुकानातलाच — यज्ञेश नाव त्याचं. सिरिंजमध्ये चढलेलं रक्त लाल नव्हतंच. चॉकलेटसारखं तपकिरी!

'मी सांगितलं होतं' असं तो म्हणाला नाही. त्याने बाळाची गोधडी हुंगली. "डांबरगोळ्या?"

"मावशीच्या ट्रंकेतली आहे..."

तो डॉक्टरांकडे धावला. तपासणीत कळलं, तांबड्या पेशींना जपणारं एक एन्झाइम मिहिरमध्ये जन्मतःच कमी होतं. डांबरगोळ्यांनी त्या पेशी आधीच खचलेल्या, वर दिवसातून पाच-सहादा चोळलेली जेल. त्यांना प्राणवायू पोचवणंच जमेना. कारण सापडलं म्हणून नेमके उपचार झाले. चौथ्या दिवशी ओठ गुलाबी.

यज्ञेश मात्र येतच राहिला. घरीसुद्धा. आधी रिपोर्ट द्यायला, मग... शहाळं घेऊन.

"सगळ्या पेशंटना शहाळं देतोस?"

"नाही गं. ज्याला टोचताना माझा हात थरथरला, त्या एकाच्याच आईला."

ती हसली — आणि लगेच म्हणाली, "माझ्या हातून झालं रे ते. उद्या तुझीही वाट लावेन."

"माझ्या पेशी ठणठणीत आहेत. स्वतः तपासल्यात. लग्न करशील माझ्याशी?"

तिला लहानपणापासून वाढवणाऱ्या शकुमावशीला हे कळलं, ती तडक आली आणि घरात भडका उडाला. "घटस्फोट झालेली तू. तुझ्यामुळे पोर जाता जाता वाचलं, आणि तुला लग्न सुचतंय? लाज आहे का गं?"

गोधडी कुणाची, हे श्रुतिकाच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. मान मात्र खाली घातली नाही.

"चूक माझी होती, मावशी. जन्मभर विसरणार नाही. पण शिक्षा म्हणून एकटी राहायचं? ते जमणार नाही!"

दारात यज्ञेश, एक चप्पल पायात, एक हातात. सगळं ऐकलेलं. "मग मी... हो समजू?"

"समजतोस काय? नीट ऐक. हो!"

मिहिरने लाळेचा हात त्याच्या कॉलरला पुसला. मावशी पाय आपटत आत गेली. श्रुतिकाने कुणाचीही समजूत काढली नाही.

वाचणाऱ्या मैत्रिणी, श्रुतिकाचं तुझ्याकडे एकच मागणं आहे. तुझ्या मजल्यावर कुणी आई एकटीच बाळ घेऊन बसली असेल, तर आत्ता ऊठ, बेल वाजव. बाळाला बघ... पण आधी तिला बघ.