पडदा आत जातो

गाडीत गाणी वाजवायला अक्कल लागत नाही, तारा जोडायला लागते. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, आणि प्रत्येक जण मान डोलावून वर स्वतःची अक्कल पाजळतोच. त्यातून गिऱ्हाईक घरचा जावई असला तर बघायलाच नको.

माझा मेहुणा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. बहिणीला घरात सगळे चिमी म्हणतात. त्याने एकदा रागाच्या भरात तिच्या दिशेने गरम इस्त्री भिरकावली होती. नेम चुकला म्हणून ती वाचली आणि तशीच पायातल्या चपलेनिशी माझ्या घरी आली. आता महाशयांना उपरती झाली होती. चिमी म्हणत होती, एकदा जाऊन बघते. बायकोने मला बजावलं होतं, तुम्ही मध्ये पडू नका. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तर त्या दिवशी दुपारी तो गाडी घेऊन माझ्या दुकानावर आला. जुनीच गाडी, नुकतीच घेतलेली.

"उस्ताद, बजेटमध्ये सगळं बसवून टाका. संध्याकाळी चिमीला घेऊन जायचंय. गाणी ऐकत जाऊ."

सामान त्यानेच आणलं होतं. नाव नसलेला एक स्टीरिओ, दारांसाठी पातळ पत्र्याचे स्पीकर, बिस्किटाच्या पुड्याएवढा अॅम्प्लिफायर. आणि डिकीत एक मोठा लाकडी खोका, त्यात वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर. बाकी सगळा कचरा होता, पण वूफर मात्र जातिवंत. मागचं चुंबक एवढं जाड की माझा पाना आपोआप त्याला जाऊन चिकटला. खोक्यावरचं काळं कापड एका कोपऱ्यात खरवडून निघालं होतं.

"हा कुठून आणला?"

"मिळाला. तुम्ही बसवायचं बघा ना."

स्पीकर नवा असो की जुना, मी त्याला आधी एक छोटी चौकोनी बॅटरी लावून बघतो. तार सुलट लागली की स्पीकरचा कागदी पडदा बाहेर येतो, उलट लागली की आत जातो. धंद्यातली पहिली शिकवण आहे ही. मी बॅटरी लावली. पडदा आत गेला. तारा अदलाबदल करून लावल्या, तर पुन्हा आतच गेला. बॅटरी काढून घेतली तरी तो आतच राहिला. मग माझं लक्ष आहे असं पाहिल्यासारखा सावकाश वर आला.

मी नादुरुस्त माल खूप पाहिलाय. जळालेला, फाटलेला, उंदराने कुरतडलेला. असं वागणारा नव्हता पाहिला. पण मेहुण्यासमोर मला काही येत नाही असं दाखवायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी तसाच जोडणीला लागलो.

गाडीच्या बॅटरीपासून तार ओढली, फ्यूज घातला, पायपुसण्याखालून ती मागे डिकीपर्यंत नेली. खोक्याजवळ वाकलो की डोकं ठणकायचं. ओल्या कपड्यांचा वास यायचा, आणि खोका तर कोरडा ठणठणीत. पाठचे नटबोल्ट घट्ट करताना पानाच निसटला आणि बोट सोललं. दोनदा. इतक्या वर्षांत माझ्या हातून पाना निसटलेला नाही. मला त्या खोक्याचा राग यायला लागला, आणि खरं सांगतो, त्यालाही माझा येत असावा असं वाटत होतं.

मेहुणा बोनेटला टेकून बोलत होता. "बायकांना जास्त दिवस माहेरी ठेवलं की शेफारतात, काय?"

मी तारा सोलत राहिलो. पण लक्ष तारांवर नव्हतं. त्या स्वस्त अॅम्प्लिफायरची एक खोड होती. आवाज आत घ्यायची आणि बाहेर द्यायची भोकं अगदी सारखी, शेजारी शेजारी. मी वूफरची तार आत घ्यायच्या भोकात घातली. शिकाऊ पोराने करावी अशी चूक. आता हे समजून घ्या, स्पीकर आणि माइक ही एकच जात आहे. स्पीकरची तार उलट्या बाजूला जोडली की तो वाजत नाही, ऐकायला लागतो. खोका आता ऐकणार होता, आणि तो ऐकेल ते दारातले स्पीकर वाजवणार होते.

मेहुणा समोर चहा प्यायला गेला. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टीरिओ चालू केला.

गाणं लागलं नाही. रस्त्यावरून चाकं फिरल्याचा आवाज आला. इंडिकेटरची टिकटिक. आणि भिंतीपलीकडून यावा तसा जाड, दबका चिमीचा आवाज.

"काच खाली घे ना. कोंडल्यासारखं होतंय."

मी मागे वळून पाहिलं. गाडीत मी एकटाच होतो.

"इथून नको ना, पुलावरून नको." थोडा वेळ नुसती चाकं. "मागे कोण बसलंय?" मग अगदी शांतपणे, एकेक शब्द सोडत, "थांबव. थांबव म्हणतेय ना."

त्यानंतर डिकीत धप्प झालं आणि सगळं बंद पडलं. मी जाऊन पाहिलं. पडदा खोल आत गेलेला होता.

घरी फोन लावला. चिमीनेच उचलला. केस धुऊन गॅलरीत बसले होते म्हणाली.

"चिमे, तू त्याच्या गाडीत बसू नकोस."

"का रे दादा?"

"सांगता येत नाही. वेड लागलं म्हण मला. पण नको जाऊस."

मग नाक ओढल्याचा आवाज आला. "कोणीतरी नको म्हणेल याचीच वाट बघत होते मी. नाही जात."

मला रडू आलं. भर दुपारी, गिऱ्हाइकाच्या गाडीच्या डिकीशी उभा राहून रडलो.

मग खोका उपटून काढला. काढलेला माल फिटरचा, हा आमच्या धंद्यातला रिवाज. हाताने तो उचलला आणि माझ्या व्हॅनमध्ये मागे टाकला. डोकं त्यात नव्हतंच, सवय होती. एवढं चांगलं चुंबक कोण फेकतं?

मेहुणा आला, डिकी पाहिली, शिव्या दिल्या. मी पाना हातात धरूनच त्याला सांगितलं की चिमी येणार नाही. "बघून घेईन," म्हणाला. चोर तो चोर, वर शिरजोर. गाडीचं दार आपटून गेला, आणि ती गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत मी दुकानाच्या दारात उभा राहिलो. टळलं एकदाचं, असं वाटलं.

चार दिवसांनी चिमीला एका शिवणकामाच्या कारखान्यात कामासाठी बोलावलं. मीच सोडतो म्हटलं. बऱ्याच दिवसांनी तिने टिकली लावली होती. माझ्या जुन्या व्हॅनला नावं ठेवत ती पुढच्या सीटवर बसली. "जगाच्या गाड्या सजवतोस आणि स्वतःच्या गाडीत साधा रेडिओ नाही. दिव्याखाली अंधार."

मी हसलो. ती खूश होती, म्हणून मीही होतो.

सरळ रस्ता खणून ठेवला होता. पोलिसाने हात करून सगळ्यांना डावीकडे वळवलं. मी इंडिकेटर लावला.

"काच खाली घे ना," चिमी म्हणाली. "कोंडल्यासारखं होतंय."

तिच्या बाजूचं हँडल घट्ट झालं होतं. मी हात लांब करून काच खाली घेतली. गार हवा आत आली, तरी ओल्या कपड्यांचा वास जाईना. तेव्हा कुठे मला आठवलं, मागे काय पडलंय ते.

मी घाबरत होतो त्या गाडीला. खोक्याने ऐकवलेली गाडी ती नव्हतीच, ही होती.

पुढे ट्रक, मागे बस, डावीकडे कठडा. पुलाचा चढ सुरू झाला होता.

"इथून नको ना, पुलावरून नको."

कडेला जरा जागा दिसली तशी व्हॅन तिथे घातली. ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून घेतली. ती थांबव म्हणायच्या आधीच मी थांबलो होतो.

"चिमे, उतर."

ती उतरली नाही. मागे वळून बघत होती.

"मागे कोण बसलंय?"

मी आरशात पाहिलं. खोका मी पालथा टाकला होता. आता तो उभा होता, तोंड आमच्याकडे. पडदा सावकाश आत चालला होता.

मी तिचा दंड धरला. हात बर्फासारखा गार होता. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"थांबव," ती म्हणाली. "थांबव म्हणतेय ना."

गाडी केव्हाची थांबली होती. किल्ली माझ्या मुठीत होती. खोक्याने ऐकवलेल्यातलं आता फक्त ते धप्प उरलं होतं.