नॉर्मल हृदयाचा नमुना

उशिरा येऊन शेवटच्या बाकावर बसणाऱ्यांवर माझा विशेष डोळा असतो. त्या दिवशीही एकाला उभं केलं आणि विचारलं, हृदयाचा पहिला आवाज कशाने होतो?

"माहीत नाही, मॅडम. मी इथले प्लग पॉइंट बघायला आलोय."

वर्ग हसला. मीही हसले... पण फळ्याकडे तोंड करून.

तो इंजिनिअर निघाला. डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांना हृदयाचे आवाज कंप्युटरवर शिकवावेत, असं आमच्या विभागप्रमुख सरांच्या मनाने घेतलं होतं. अर्धा वर्ग माझ्या लेक्चरला, अर्धा त्याच्या कंप्युटरसमोर. परीक्षेत ज्यांची सरशी, तीच पद्धत पुढे चालू. हरले तर माझं लेक्चर कायमचं बंद. आणि शिकवण्यात तर माझा जीव होता!

तरी रोज दुपारी मी त्याच्या खोलीत जायचे. चुका काढायला, असं सगळ्यांना सांगायचे. तो चहा पुढे करायचा, मी नाक मुरडून प्यायचे. कंप्युटर कधी चिडत नाही, असं तो म्हणायचा. पोरांना कळलं नाही, हे कंप्युटरला त्यांच्या तोंडावरून कळतं का, असं मी विचारायचे. मग तो नुसता माझ्याकडे बघत राहायचा आणि माझा पुढचा मुद्दा हरवायचा.

कंप्युटरच्या धड्यासाठी निरोगी हृदयाच्या आवाजाचा नमुना हवा होता. तो स्वतःच समोर बसला. मी त्याच्या छातीवर माइक धरला.

"हलू नका."

"मी कुठे हलतोय..."

आवाज तपासून मी बेधडक 'ठीक' म्हटलं.

परीक्षेत कंप्युटरच्या पोरांनी अवघड आवाज चुटकीसरशी ओळखले. पण समोर बसवलेल्या आमच्या धडधाकट क्लार्कला मात्र त्यांनी एकमुखाने आजारी ठरवलं. याचं हृदय फारच हळू चालतंय म्हणे! बिचारा घाबरून रजा टाकून गेला. माझ्या पोरांनी त्याला ठणठणीत म्हटलं होतं. मी जिंकले. सरांनी कंप्युटर गुंडाळायला सांगितलं.

मी त्याच्या हृदयाचा तो नमुना पुन्हा लावला. धडधड, धडधड... जिना चढून आल्यासारखं. हेच पोरांनी नॉर्मल म्हणून घोटलं होतं. त्या दिवशी मला ते खटकलं कसं नाही? कारण माझीही छाती तशीच उडत होती.

गप्प बसले असते तर लेक्चर वाचत होतं. पण त्याच्यावर खोटा ठपका... मला सहन होईना. मी तडक सरांकडे गेले. तोही तिथेच होता, पडलेल्या चेहऱ्याने.

"सर, धडा बरोबर आहे. नमुना चुकलाय. यांचं हृदय तेव्हा पळत होतं."

"कशामुळे?"

"सर, मी सांगतो..." तो घाईने म्हणाला.

"तुम्ही थांबा. निदान डॉक्टरने करायचं असतं."

माझे कान तापले. "माझ्यामुळे, सर."

सरांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. मग म्हणाले, अवघड आवाज कंप्युटरने शिकवले, चूक मॅडमनी पकडली, तेव्हा दोन्ही राहू द्या. नमुना तेवढा बदला.

या वेळी माझं हृदय घ्यायचं ठरलं. माइक मीच धरला. तो स्क्रीनकडे बघत गालात हसला.

"मॅडम, हेही चालणार नाही. माझ्यापेक्षा जोरात आहे."

"तुम्ही जरा लांब उभे राहा ना."

तो दारापर्यंत गेला. स्क्रीनवरचा ठोक्यांचा आकडा आणखी वर चढला. मी माइक खाली ठेवला.

"मग परत या," मी म्हटलं.